थंडीची तारीख

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. रावेत, डिसेंबर २०२५)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू वीस मिनिटं बोल, विषय तुझा तू ठरव, पण कॉम्प्युटरवर बोलू नकोस." ही अट मी आनंदानं मान्य केली. विषय मात्र मला शोधावा लागला नाही. आपल्या ग्रुपवर दर वर्षी ऑक्टोबर लागला की तो आपोआप सुरू होतो. कोणीतरी लिहितं, "काय हे उकडतंय! आपल्या वेळी दिवाळीत दात वाजायचे." त्यावर पंधरा अंगठे येतात. मग दुसरा लिहितो, "आता ऋतूच राहिले नाहीत." त्यावर वीस अंगठे. तिसरा शेकोटीचा फोटो टाकतो, तो बहुधा कुठल्यातरी जुन्या पिक्चरमधला असतो.

मी गेली वीसहून अधिक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे एक सवय लागते. कोणी म्हणालं, "सिस्टीम पूर्वी फास्ट चालायची, हल्ली स्लो झाली," तर आम्ही आधी लॉग उघडतो. पूर्वी म्हणजे कधी? फास्ट म्हणजे किती? लॉग बघितल्याशिवाय होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. उन्हाळा सरून हिवाळा येण्याच्या या वाटेबद्दल आपण जे बोलतो, त्याचा लॉग आज आपण मिळून उघडू या. त्यात काही गोष्टी आपल्या बाजूनं निघतील, काही विरुद्ध.

सुरुवात दिवाळीपासून करू. दिवाळीत दात वाजायचे, ही आठवण खोटी नाही. पण आपण नववीत होतो ते वर्ष १९९३. त्या वर्षी लक्ष्मीपूजन होतं १३ नोव्हेंबरला. या वर्षी ते होतं २१ ऑक्टोबरला. तब्बल तेवीस दिवसांचा फरक! आपल्याकडे या तेवीस दिवसांत हवा पूर्ण पालटते. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पंखा लागतो आणि नोव्हेंबरच्या मध्यावर पहाटे गोधडी. म्हणजे आपण दिवाळीची दिवाळीशी तुलना करतो, पण प्रत्यक्षात ऑक्टोबरची नोव्हेंबरशी तुलना होते.

हे कशामुळे, ते भूगोलाच्या बाईंनी आणि संस्कृतच्या सरांनी आपापल्या परीनं शिकवलं होतं. आपले महिने चंद्रावर चालतात. बारा चांद्रमास मिळून साधारण ३५४ दिवस होतात, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवस कमी. त्यामुळे सण दर वर्षी अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि मग सुमारे पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून त्यांना परत मागे ओढावं लागतं. १९९३ साली अधिक भाद्रपद होता, म्हणून दिवाळी थंडीत गेली. पुढच्या वर्षी, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे दिवाळी नोव्हेंबरात येईल. तेव्हा ग्रुपवर कोणीतरी नक्की लिहील, "यंदा जुने दिवस परत आले." त्या वेळी हे भाषण आठवा.

ज्यांच्यामुळे आपल्याला हे हिशोब मराठीत वाचायला मिळतात, त्यांत एक नाव शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा त्यांचा ग्रंथ १८९६ चा. हे गृहस्थ पेशानं शिक्षक होते. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी एवढं मोठं काम केलं. समोरच्या पहिल्या रांगेकडे बघून हे मुद्दाम सांगते.

आता सूर्याकडे येऊ. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, म्हणून ऋतू होतात, हे आपण पाठ केलं होतं. सूर्य जवळ आला की उन्हाळा आणि लांब गेला की हिवाळा असं अजूनही पुष्कळ जणांना वाटतं. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपण कानटोपी घालतो तेव्हा. अंतरानं नाही, किरणांच्या तिरपेपणानं फरक पडतो. आपलं गाव साडेअठरा अक्षांशावर. तेरा मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या पायाशी नाहीशी होते. तोच सूर्य २२ डिसेंबरच्या दुपारी दक्षिणेकडे कलून जेमतेम अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. तेवढ्या तिरपेपणामुळे जमिनीच्या त्याच तुकड्यावर पडणारं ऊन सुमारे तीन-चतुर्थांश होतं. शिवाय दिवस जूनमध्ये सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरात अकरा तासांचा. आवक घटली की शिल्लक घटते, असा हा साधा जमाखर्च आहे.

पण जमाखर्चात उशीर असतो. २२ डिसेंबरला दिवस सर्वांत लहान, तरी कडाक्याची थंडी त्यानंतर, बहुधा जानेवारीत पडते. जमीन आणि समुद्र साठवलेली ऊब हळूहळू सोडतात. एक गोष्ट शाळेत कोणी सांगितली नव्हती, ती मला मोठेपणी कळली. आपल्याकडे सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यानंतर. म्हणून संक्रांत झाली तरी सकाळच्या शाळेला जाताना अंधारच असायचा. संक्रांतीपासून दिवस तीळ तीळ वाढतो म्हणतात. तो वाढतो, पण आधी संध्याकाळच्या बाजूनं. सकाळच्या शिफ्टच्या मुलांना त्याचा काही उपयोग नव्हता.

आता आपला खास मुद्दा. युरोपात उन्हाळा सरतो आणि पानगळ होऊन हिवाळा येतो, सरळ रस्ता. आपल्याकडे उन्हाळा आणि हिवाळा यांच्यामध्ये चार महिन्यांचा पाऊस आहे आणि पाऊस गेल्यावर पुन्हा एक छोटा उन्हाळा. त्याला आपण 'ऑक्टोबर हीट' म्हणतो. ढग हटतात, सूर्य अजून बऱ्यापैकी वर असतो, जमीन ओली असते म्हणून हवेत वाफ, आणि वारा दिशा बदलण्याच्या बेतात असल्यामुळे पडलेला. घाम येतो आणि सुकत नाही. मग कधीतरी उत्तरेकडून, पूर्वेकडून कोरडी हवा येते. आकाश स्वच्छ, हवेत बाष्प नाही, त्यामुळे दिवसभराची ऊब रात्री सरळ वर निघून जाते. दुपारी तीस अंश आणि पहाटे बारा, असा हिवाळा आपल्याकडे असतो. एका दिवसात दोन ऋतू. डबा खाताना स्वेटर कमरेला बांधलेला असायचा, तो यामुळेच.

म्हणून आपल्याकडे थंडीची तारीख खरं तर पाऊस कधी जातो यावर ठरते. ती तारीख बदलली आहे का? हो, आणि त्याचा कागद आहे. हवामान खात्याच्या जुन्या तारखा १९०१ ते १९४० या काळातल्या पर्जन्यकेंद्रांच्या नोंदींवरून काढलेल्या होत्या. आपल्या पाठ्यपुस्तकात त्याच होत्या. २०२० साली खात्यानं त्या नव्यानं काढल्या. पाऊस येण्यासाठी १९६१ ते २०१९ आणि जाण्यासाठी १९७१ ते २०१९ हा काळ धरला. केरळात पाऊस पोचण्याची तारीख १ जूनच राहिली. पण वायव्य राजस्थानातून पाऊस परत फिरण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबर झाली. मुंबईतून पाऊस जाण्याची तारीख सप्टेंबरअखेरीवरून ८ ऑक्टोबरवर गेली. म्हणजे "पाऊस हल्ली लांबतो" ही आपली तक्रार लॉगमध्ये खरी निघाली. हस्ताचा पाऊस हा पूर्वी पावसाचा निरोप होता, म्हणून भोंडल्यात पाटावर हत्ती काढायचा. आता हत्ती निघून गेला तरी पाऊस दारात उभा असतो.

या वर्षाचंच बघा. मॉन्सून केरळात २४ मे रोजी आला आणि २६ मे रोजी मुंबईत. आपल्याकडेही त्याच सुमारास. शाळा सुरू व्हायला तीन आठवडे होते, रेनकोट माळ्यावर होते आणि मृग नक्षत्र अजून लागायचं होतं. १६ ऑक्टोबरला तो देशातून गेल्याचं जाहीर झालं, तरी ऑक्टोबरअखेर पुन्हा पाऊस होताच. आपल्यातला एक मित्र मावळात इंद्रायणी भात लावतो. आज तो इथे आहे. नाव घेत नाही, त्याला आवडणार नाही. दिवाळीनंतर त्यानं मला फोन केला. भात कापून शेतात पसरलेलं, आणि वर पाऊस. तो म्हणाला, "तुम्ही कॉम्प्युटरवाले एवढं सगळं सांगता, मला एवढंच सांग, कापायचं कधी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण ग्रुपवर "काय हे उकडतंय" लिहितो तेव्हा तो घामाबद्दल बोलत नसतो, वर्षाच्या भाताबद्दल बोलत असतो. ऋतू बदलला म्हणजे काय, हे आपल्या वर्गात सर्वांत आधी आणि सर्वांत महागात त्याला कळतं.

हे लॉग कोणी ठेवले, तेही सांगायला हवं, कारण ते आपल्या शेजारीच ठेवले गेले. भारतीय हवामान खातं १८७५ साली स्थापन झालं, या जानेवारीत त्याला दीडशे वर्षं झाली. त्याचं मुख्यालय आधी सिमल्याला होतं, ते १९२८ साली पुण्याला आलं आणि पुढे १९४४ ला दिल्लीला गेलं. मुख्यालय गेलं, पण नाव राहिलं. शिवाजीनगरला आपण 'सिमला ऑफिस'च्या स्टॉपवर कितीदा उतरलो असू, पण पुण्यात सिमला कुठून आला हे विचारलं नाही. पुण्याची वही तिथे आहे. ३० एप्रिल १८९७ ला ४३.३ अंश आणि १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंश, ही त्या वहीतली दोन टोकं.

त्याच पुण्यात १९४८ साली अ‍ॅना मणी नावाची एक तरुणी रुजू झाली. मूळची केरळातली, बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली संशोधन केलेली. एमएस्सी नाही म्हणून विद्यापीठानं तिला पीएचडी दिली नाही. पुण्यात ती उपकरणांच्या विभागात आली आणि पुढे त्याची प्रमुख झाली. तिच्या हाताखाली शंभराहून अधिक पुरुष काम करत. तोवर साधे तापमापक आणि पर्जन्यमापकही बहुतेक बाहेरून यायचे. तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती इथे बनवायची सोय केली. आपण सातवी-आठवीत वैज्ञानिकांची चित्रं चिकटवहीत लावली, त्यात ही नव्हती. आपल्या मुलींच्या वहीत ती असावी असं मला वाटतं. तापमान पेपरात येतं, पण त्याआधी कोणीतरी नळी सरळ बसवलेली असते, पेटी सावलीत ठेवलेली असते आणि ठरल्या वेळी जाऊन आकडा लिहिलेला असतो.

आता रावेतकडे येते. आपल्यापैकी काही जण मूळचे इथले, काही आकुर्डी, वाल्हेकरवाडी, किवळे, पुनावळ्याचे. आपल्या लहानपणी या भागात ऋतू पायाखाली कळायचे. पाऊस सुरू झाला की तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला यायची. दिवाळीनंतर वीटभट्ट्या पेटायच्या आणि पहाटे धूर पवनेवर अंथरल्यासारखा बसायचा. त्याचंही कारण आहे. थंडीत जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, जड असते, ती वर चढत नाही, म्हणून धूर खालीच राहतो. आळंदीची कार्तिकी झाली की बायका म्हणायच्या, आता खरी थंडी. मग मार्गशीर्षात चिंचवडला मोरया गोसावींचा उत्सव, चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत, भोगीला बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी. पावटा, हरभरा, गाजर, बोरं, ऊस यांना तेव्हा आपण 'सीझनल' म्हणत नव्हतो. दुसरं काही मिळतच नव्हतं.

आता त्याच जागी बावीस मजले आहेत. मी स्वतः त्यातल्याच एका इमारतीत राहते, त्यामुळे इमारतींना नावं ठेवणार नाही. पण लॉग बघू. एकाच पहाटे पाषाणला आणि मगरपट्ट्यात तापमानात काही अंशांचा फरक पडतो, हे आपण पेपरात वाचतो. शहर एक, आकाश एक, फरक जमिनीचा. मोकळी माती आणि झाडं रात्री लवकर निवतात. काँक्रीट आणि डांबर दिवसभराची ऊब रात्रभर सोडत बसतात. तेव्हा "थंडी कमी झाली" यातला एक भाग जगाचा आहे आणि एक भाग आपल्याच पार्किंगचा आहे. जगाचं तापमान वाढतंय, त्याला मोठा उपाय लागेल. पार्किंगभोवती चार झाडं लावायला सोसायटीची एक सभा पुरते. अर्थात सोसायटीची सभा हेही छोटं काम नाही, ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे.

आमच्या आयटीवाल्यांचे ऋतू तर वेगळेच. ऑफिसात बाराही महिने चोवीस अंश. माझा स्वेटर मे महिन्यात ऑफिसच्या खुर्चीवर असतो आणि डिसेंबरात कपाटात. हिवाळा आला हे आम्हाला कळतं अमेरिकेच्या घड्याळावरून. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे करतात आणि आमचा साडेसातचा कॉल साडेआठला जातो. या वर्षी तो दिवस २ नोव्हेंबर होता. त्या आठवड्यापासून रावेत, वाकड, पुनावळ्यातल्या कितीतरी घरांत रात्रीचं जेवण एक तास पुढे जातं. माझी मुलगी लहान असताना म्हणायची, "आई, हिवाळ्यात तू उशिरा जेवतेस." तिच्यासाठी हिवाळ्याची ती खूण होती. आपली भट्टीचा धूर, तिची आईचा कॉल. खूण बदलली म्हणून ऋतू गेला असं मी म्हणणार नाही. पण कोणत्या खुणेकडे आपण मुलांचं लक्ष वेधतो, हे आपल्या हातात आहे.

रावेतला ऋतूंचा सर्वांत मोठा हिशोब मात्र पाण्याचा आहे, आणि तो शहरातल्या सगळ्यांचा आहे. पवना धरण १९७२ मध्ये पूर्ण झालं. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून वाहत इथे रावेतच्या बंधाऱ्यावर येतं, इथून उचललं जातं, निगडीच्या सेक्टर २३ मध्ये शुद्ध होतं आणि पिंपरी-चिंचवडला जातं. धरणाची साठवण सुमारे साडेआठ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे जवळजवळ २,८३० कोटी लिटर. रावेतहून रोज पाचशे दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी उचललं जातं. गुणाकार करा, गणिताचे सर बसलेत. वर्षाला जवळजवळ साडेसहा टीएमसी होतात. उरलेल्यात शेती, उद्योग, बाष्पीभवन. म्हणजे पाऊस जातो त्या दिवशी आपल्या हातात एक भरलेलं भांडं असतं आणि पुढचा पाऊस येईपर्यंत, सुमारे आठ महिने, तेवढ्यावर काढायचं असतं. पूर्वी घरात दिवाळीनंतर वर्षाचं धान्य भरून ठेवत. आजी दर महिन्याला कणगीत हात घालून अंदाज घ्यायची. धरणाची टक्केवारी म्हणजे शहराची कणगी आहे. पण आपण ती बघतो एप्रिलमध्ये, टँकर दारात आल्यावर. बघायची वेळ आहे आत्ता, डिसेंबरात.

आणि इथे लॉग आपल्याला आणखी एक गोष्ट सांगतो. शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं ते २०१९ च्या नोव्हेंबरात. त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता. नोव्हेंबर म्हणजे थंडीची सुरुवात, भांडं भरलेलं. तरी दिवसाआड, आणि ते आजही चालू आहे. म्हणजे टंचाईचं सगळं बिल पावसाच्या नावावर फाडता येत नाही. धरणात किती आहे हा एक प्रश्न, रोज उचलायची आणि शुद्ध करायची ताकद किती हा दुसरा, आणि माणसं किती वाढली हा तिसरा. ऋतूचा दोष कुठे आणि आपल्या नियोजनाचा कुठे, हे वेगळं काढता आलं पाहिजे. नाहीतर आपण दर वर्षी आकाशाकडे बघून सुस्कारे सोडू आणि तोटी तशीच गळत राहील.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. ऋतू हरवलेले नाहीत. काही बाबतींत ते खरोखर सरकले आहेत, काही बाबतींत आपली आठवण सरकली आहे आणि काही बाबतींत आपण स्वतःच त्यांना ढकललं आहे. या तीन गोष्टी वेगळ्या करायच्या तर आठवण पुरत नाही, नोंद लागते. आठवण थंडीची सर्वांत गार पहाट लक्षात ठेवते आणि उरलेल्या तीस साध्या पहाटा विसरते. नोंद साध्या पहाटाही ठेवते.

म्हणून या तुकडीपुढे एक प्रस्ताव ठेवते. अध्यक्षांनी मंजूर करावा. आपण जवळपास साठ जण आहोत. रावेतपासून नाशिक, सोलापूर, बंगळूर, अगदी न्यू जर्सीपर्यंत पसरलेलो. प्रत्येकानं वर्षातून फक्त पाच तारखा लिहायच्या. एक, पावसाळ्यातला शेवटचा चांगला पाऊस. दोन, रात्री पंखा बंद केला ती पहिली रात्र. तीन, सातवीण फुलली तो दिवस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिच्या वासानं डोकं उठतं, त्यामुळे चुकणार नाही. ज्यांच्या रस्त्यावर सातवीण नाही त्यांनी बुचाचं झाड धरावं. चार, आंब्याला पहिला मोहोर. आणि पाच, सोसायटीत किंवा गावात आलेला पहिला पाण्याचा टँकर. शेती करणाऱ्यांनी सहावी लिहावी, कापणीची. माझा मित्र हसतोय, पण पहिली वही त्याच्याकडेच देणार आहे. या नोंदी ठेवायला अ‍ॅप लागत नाही. मी लिहून देईन, पण लागत नाही. स्वयंपाकघरातलं 'कालनिर्णय' पुरेल.

'कालनिर्णय'वरून आठवलं. आपल्यापैकी कोणाच्या आईनं किंवा सासूबाईंनी जुनी कॅलेंडरं जपली असतील, तर ती रद्दीत घालू नका. त्यावर दुधाचा हिशोब, गॅस लावल्याची तारीख आणि मध्येच 'आज फार पाऊस, नळ नाही' असं लिहिलेलं सापडतं. तसंच आमच्या सर्व सरांना आणि बाईंना विनंती आहे. तुमच्या टाचणवह्या घरात असतील, तर आम्हाला एकदा बघू द्या. 'पावसामुळे मैदानावरचा तास झाला नाही', 'थंडीमुळे उपस्थिती कमी' असे शेरे त्यात असतील. तेव्हा ते हेडसरांना दाखवण्यासाठी लिहिले असतील. आज ते या भागाच्या हवेचे पुरावे आहेत. हवामान खात्याची वही सिमला ऑफिसात आहे. आकुर्डी-रावेतच्या शाळेतल्या जूनची आणि जानेवारीची वही तुमच्याशिवाय कोणाकडेही नाही.

प्राथमिक शाळेत वर्गाच्या भिंतीवर हवामानाचा तक्ता असायचा. ज्याची पाळी असेल त्यानं सकाळी खिडकीतून बाहेर बघायचं आणि सूर्य, ढग किंवा छत्री काढायची. बाई विचारायच्या, "बाहेर बघून काढलंस की कालचं बघून काढलंस?" त्या प्रश्नावर माझं पुढचं शिक्षण आणि नोकरी उभी आहे, असं मी म्हटलं तर बाईंना जास्त वाटेल, पण ते खरं आहे. कालचं बघून आजचं लिहायचं नाही, हे मला इंजिनिअरिंग कॉलेजच्या आधी त्या भिंतीवर शिकायला मिळालं.

पुढच्या मेळाव्याला, म्हणजे पाच वर्षांनी, आपल्याकडे साठ जणांच्या पाच-पाच वर्षांच्या तारखा असतील. शास्त्रज्ञांना ते थोडंच वाटेल, पण आज आपल्याकडे जे आहे त्यापेक्षा ते तीनशे ओळींनी जास्त असेल. आणि तेव्हा ऑक्टोबरात ग्रुपवर कोणी लिहिलं, "आपल्या वेळी..." तर दुसऱ्यानं विचारावं, "तारीख?"

मार्गशीर्ष चालू आहे. बाहेर भरीत, बाजरीची भाकरी आणि ठेचा तयार आहे, आणि वासावरून सांगते, तो विषय माझ्या विषयापेक्षा चांगला आहे.